टेन्साइल टेस्टमध्ये ई चुकतो कुठे

स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचा लोड) भागिले स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ) म्हणजे ई, अर्थात यंग्ज मोड्युलस, आणि माइल्ड स्टीलला तो साधारण २०० जीपीए, हे सेकंड इयरच्या प्रत्येकाला पाठ असतं. त्यावर वेळ घालवत नाही. खरी गोची यूटीएमसमोर, म्हणजे बार जबड्यांत धरून ताणणाऱ्या मशीनसमोर होते. मीही तिथे बराच काळ अडकलो होतो.

१२ मिमीचा गोल बार घ्या. क्षेत्रफळ ११३ चौ. मिमी. २० किलोन्यूटनला स्ट्रेस येतो १७७ एमपीए. गेज लेंग्थ, म्हणजे बारच्या ज्या भागाची वाढ मोजायची त्याची लांबी, ६० मिमी. आता मशीनच्या पट्टीवर क्रॉसहेड (जबडा धरणारा सरकता भाग) समजा १ मिमी सरकलेला दिसला. आकडेमोड करा, ई येईल जेमतेम १०.६ जीपीए. हा तर लाकडाचा ई झाला!

सूत्र बरोबर, लोडही बरोबर. पण तो १ मिमी एकट्या बारचा नाहीच. जबड्यांत बार सरकून घट्ट बसतो, मशीनचे खांब ताणले जातात, गेज लेंग्थबाहेरचा बारही लांबतो. पट्टी या सगळ्यांची बेरीज दाखवते. त्या ६० मिमीची खरी वाढ असते ०.०५३ मिमी, केसाच्या जाडीएवढी. ती पट्टीवर दिसणारच नाही. एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे बारची बारीक वाढ मोजणारं उपकरण, थेट बारवर लावायचा, दुसरा मार्ग नाही. आणि पहिल्या रीडिंगवरही विसंबू नका, कारण तेव्हा बार अजून जबड्यांत सरळ होत असतो. स्ट्रेस-स्ट्रेन ग्राफच्या सरळ भागातले एकमेकांपासून लांबचे दोन बिंदू घ्या आणि त्यांच्या फरकावरून ई काढा. यील्ड (जिथून बार कायमचा लांबू लागतो), म्हणजे इथे २८ किलोन्यूटनच्या आसपास, जवळ आलं की एक्स्टेन्सोमीटर उतरवा. बार तुटेपर्यंत ठेवलात तर उपकरण जाईल.

सीनियरचं जर्नल अजिबात उतरवू नका. त्यातला ई बरोब्बर २०० असतो, कारण उत्तर आधी ठरवून रीडिंग मागून भरलेली असतात. त्यापेक्षा लॅब असिस्टंटजवळ उभे राहा. जबडे कसे आवळायचे ते त्यांच्याइतकं कुणी शिकवत नाही, असं माझं ठाम मत आहे. तुमचा ई १९० आला? घाबरू नका, तोच लिहा. एक्स्टेन्सोमीटर नीट लावून आलेला १९० अगदी चांगला आहे.

व्हायवात हमखास विचारतात: एफई २५० ऐवजी एफई ५०० (२५० आणि ५०० एमपीए यील्डच्या स्टीलच्या ग्रेड) घेतलं तर ई दुप्पट होतो का? नाही. यील्ड दुप्पट होतं, ई तोच राहतो. रेषेचा चढ बदलत नाही, ती फक्त आणखी वरपर्यंत जाते. म्हणूनच स्टीलचा बीम लोडखाली जास्त वाकत असेल, तर वरच्या ग्रेडचं स्टील वापरून उपयोग नसतो, सेक्शनची खोली वाढवावी लागते.