या चुका टाळा : जात्याचा खुंटा नोंदीतून हरवतो कसा?

खानदेशातल्या एका छोट्या संग्रहालयाच्या नोंदी संगणकावर चढवत होतो. रजिस्टरात एकच ओळ : ‘जाते, दगडी, १ नग.’ कोठारात वरचा दगड घडवंचीखाली, खालचा दाराशी, आणि खुंटा कुणीतरी सरपण समजून लाकडांत टाकलेला. मधली खीळ सापडलीच नाही. ती आमच्याकडे आली तरी होती का, हेही सांगता येईना, कारण ‘१ नग’ म्हटलं की बाकीचे भाग कागदावर जन्मालाच येत नाहीत.

घाबरून उलटी चूक करू नका. चार भागांना चार सुटे नंबर दिले, तर वर्षभरात खुंट्याची नोंद ‘लाकडी दांडा, उपयोग अज्ञात’ अशी होऊन बसते. वस्तूला एकच ॲक्सेशन नंबर (संग्रहात दाखल होताना मिळणारा नोंदणी क्रमांक) द्या, भागांना त्याच्या पोटातले उपक्रमांक : २११.०१, २११.०२. दाता, गाव, वापर ही माहिती मुख्य नोंदीत. तिथेच जाते, घरोट, घट्या ही सगळी नावं लिहा, म्हणजे लेवा बोलीतला माणूस शोधो की अहिराणीतला, दोघांनाही सापडेल. भागाच्या नोंदीत माप, साहित्य, स्थिती आणि जागा. जागा प्रत्येक भागाची वेगळी हवीच. ‘वस्तू १, भाग ४’ असे दोन रकाने ठेवले की तपासणीच्या दिवशी आकड्यांवरून भांडण होत नाही. आपल्या जुन्या दप्तरखान्यांत तरी दुसरं काय होतं? दप्तरात रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), रुमालात पुडकी, पुडक्यात कागद.

आता अक्षरांचा घोळ. भागांना आपण सवयीने अ, ब, क, ड लिहितो. संगणक क्रम लावताना वर्णमाला पाहतो आणि यादी अ, क, ड, ब अशी येते. त्यात दुसऱ्या कारकुनाने अ, आ, इ सुरू केलं असेल तर विचारूच नका. म्हणून आकडेच बरे, तेही दोन अंकी. नाहीतर १ च्या पाठोपाठ थेट १० येतो.

आकड्यांनाही एक्सेलपासून जपावं लागतं. इंग्रजी अंकांत २११.१० लिहिलं की एक्सेल त्याला दशांश समजून शून्य खातं. दहावा भाग २११.१ होऊन पहिल्यासारखा दिसू लागतो. ३-२ लिहिलंत तर त्याची तारीख होते. टाइप करण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. नंतर केलात तर गेलेलं शून्य परत येत नाही. आणि देवनागरी किंवा इंग्रजी, अंक एकाच पद्धतीचे ठेवा. मी एक अख्खी दुपार ‘सापडत नाही’ म्हणत घालवली. नोंद समोरच होती, फक्त १२ दुसऱ्या अंकांत होता.

पोथीचं गणित वेगळं. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात किंवा राजवाडे संशोधन मंडळात हस्तलिखितं पाहिली असतील, तर हे लगेच कळेल. प्रत्येक पानाला उपक्रमांक देत बसू नका; पोथी हा एक भाग, दोन फळ्या, बासन (पोथी गुंडाळायचं कापड) हे बाकीचे. पण पत्रं, म्हणजे पोथीची सुटी पानं मोजा, बाजू नव्हे. पत्रांक बहुधा मागच्या बाजूला असतो. पुढची बाजू पाहून ‘क्रमांक नाही’ असं लिहिणारे मी पाहिलेत. ‘पत्रे ४७, १२वे नाही’ एवढं पुरतं.

सातपुड्यातल्या होळीचा साज आला तर थोडं थांबा. मोरपिसांचा टोप, कमरेला बांधायचे वाळलेले दुधी भोपळे, घुंगरं : एकाच नाचणाऱ्याचं असेल तर एक नंबर आणि उपक्रमांक. तीन घरांतून गोळा केलेलं असेल तर तीन नंबर आणि नोंदींत फक्त परस्परांचा उल्लेख. एका दोरीत ओवलेले दुधी मात्र एकच भाग. संख्या वर्णनात लिहा.

हरवलेल्या भागाची नोंद पुसू नका, त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका. ‘आला तेव्हाच नव्हता’ आणि ‘इथे आल्यावर गहाळ’ हे दोन वेगळे शेरे आहेत, कितीही अवघड वाटलं तरी.

क्रमांक प्रत्येक भागावर हवा. चिकटपट्टी जळगावच्या मे महिन्यात गळून पडते. खुंट्याला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. दगडावर पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयांत वापरतात ते पारदर्शक ॲक्रिलिक राळेचं द्रावण) चा थर, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा थर. फोटो दोन प्रकारचे काढा : सगळे भाग एकत्र, आणि एकेक सुटा. खुंट्याचा तर आधी.