पश्चिमेच्या खिडकीतून येणारे पाणी: माझा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या पाचव्या मजल्यावरील घरात पश्चिमेच्या स्लायडिंग खिडकीतून दर पावसाळ्यात पाणी आत येत असे आणि खालच्या भिंतीचे पोपडे निघत. पहिल्या कारागिराने भर जुलैमध्ये ओल्या चौकटीवरच सिलिकॉन भरले. ओल्यावर ते धरत नाही, त्यामुळे पंधरवड्यातच ती पट्टी अखंड सुटून माझ्या हातात आली. त्याहून वाईट म्हणजे, खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने असलेली निचऱ्याची छिद्रेही त्याने बुजवली होती आणि साचलेले पाणी ओसंडून खोलीत येत होते.

यंदा एप्रिलमध्येच दुसरा फॅब्रिकेटर (खिडक्या बनवून बसवणारा कारागीर) बोलावला आणि दराआधी त्याला कारण विचारले. त्याने ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते कुठे अडते हे दाखवले, मग खिडकीखालच्या बाहेरच्या दगडी कट्ट्यावर लेव्हल (उतार तपासायची बुडबुड्याची पट्टी) ठेवून त्याचा उतार आतल्या बाजूला असल्याचे दाखवून दिले. हा उतार तसाच ठेवून मी नवी खिडकी बसवली असती, तर तीही गळलीच असती.

कट्ट्याला बाहेरचा उतार दिला, छिद्रे मोकळी केली, रोलर आणि ब्रशपट्टी (काचेच्या दारांच्या फटी बुजवणारी केसाळ पट्टी) बदलली, जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून कोरड्या चौकटीवर नवे भरले. साहित्य आणि हमी कोटेशनमध्ये लिहून घेतली होती. शेवटचा हप्ता बाहेरून पाईपने पाणी मारून पाहिल्यावरच दिला. सोसायटीची लेखी परवानगी मात्र आधीच घ्यावी, आणि बाहेर उतरणाऱ्या कामगाराच्या अंगावर नुसत्या कमरपट्ट्याऐवजी खांदे आणि मांड्यांनाही धरणारा सेफ्टी हार्नेस असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये.