काट्यावरची गाडी ऑफिसच्या स्क्रीनवर: अ‍ॅक्सेसचा टायमर कसा लावावा

धरणगावकडच्या एका जिनिंगसाठी (कापसातून सरकी काढायचा कारखाना) मी मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये कापसाच्या आवकीचा प्रोग्रॅम केला. एक कॉम्प्युटर वजनकाट्यावर, दुसरा ऑफिसात मुनीमजींपुढे, डेटाफाइल दोघांची एकच. काट्यावर गाडी लागली की मुनीमजींना ती आपोआप दिसावी, म्हणून त्यांच्या फॉर्मला (नोंदी बघायच्या-लिहायच्या स्क्रीनला) टायमर लावला, म्हणजे ठरावीक वेळाने एक काम आपोआप होत राहतं.

अ‍ॅक्सेसमध्ये टायमरचं वेगळं कंट्रोल नसतं. फॉर्मच्याच प्रॉपर्टी शीटमध्ये ‘टायमर इंटरव्हल’ आणि ‘ऑन टायमर’ या दोन ओळी असतात. आकडा मिलिसेकंदांत: १००० म्हणजे एक सेकंद, ० म्हणजे बंद.

मी ५००० टाकून ऑन टायमरमध्ये नुसतं ‘रिक्वेरी’ (सगळ्या नोंदी डेटाफाइलमधून नव्याने आण) लिहिलं. दुसऱ्याच दिवशी मुनीमजींचा फोन: “भाऊ, मी लिखी ऱ्हायनू नि वरनं नाव बदली गयं!” रिक्वेरी अर्धवट लिहिलेली नोंद सेव्ह करते आणि फॉर्मला पहिल्या नोंदीवर नेऊन सोडते. ओलाव्याची कपात एका शेतकऱ्याची, चढली दुसऱ्याच्या पावतीवर. ती पावती दुरुस्त होईपर्यंत मला चैन पडली नाही.

आता मी असं करतो. ऑन टायमरच्या पहिल्याच ओळीत फॉर्मचं ‘डर्टी’ तपासतो, म्हणजे सेव्ह न झालेलं काही लिहिलंय का ते. कुणी लिहीत असेल तर तिथूनच माघारी. नसेल तर इंटरव्हल ० करतो, म्हणजे काम चालू असताना टायमर पुन्हा वाजत नाही. मग ‘डीमॅक्स’ने (सर्वात मोठा आकडा काढणारं फंक्शन) शेवटचा पावती नंबर बघतो. तो वाढला असेल तरच रिक्वेरी. त्याआधी समोरच्या नोंदीचा पावती नंबर व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि नंतर ‘फाइंडफर्स्ट’ने तो नंबर शोधून तिथेच परत येतो. बुकमार्क (अ‍ॅक्सेसने नोंदीला दिलेली खूण) जपून ठेवू नका, रिक्वेरीनंतर जुना बुकमार्क चालत नाही.

गाडी दोनदा काट्यावर येते, आधी भरलेली, मग रिकामी. रिकाम्या गाडीचं वजन जुन्याच नोंदीत पडतं, नंबर वाढत नाही. तिथे ‘रिफ्रेश’ पुरतो; तो जागा न सोडता बदललेले आकडे आणतो, पण नवी गाडी मात्र दाखवत नाही.

शेवटी इंटरव्हल पुन्हा चालू करतो, आता ५००० ऐवजी १५०००. एरर आली तरी ही ओळ चाललीच पाहिजे, नाहीतर टायमर मुकाट बंद राहतो आणि मुनीमजी जुनीच यादी बघत बसतात. काट्यावर एका गाडीला काही मिनिटं लागतात, त्यामुळे दर सेकंदाला नेटवर्क हलवायची गरज नाही. आणि कोड लिहिताना तो फॉर्म बंद ठेवा, टायमर चालू असला की एडिटरमध्ये कर्सर उड्या मारतो.

सगळं बसलं की स्वतः मुनीमजींच्या खुर्चीत बसा. कपातीचा आकडा अर्धा लिहून थांबा, काट्यावर नवी गाडी नोंदवायला सांगा. वीस सेकंदांनी आकडा जिथल्या तिथे हवा. नोंद सेव्ह केली की पुढच्या वीस सेकंदांत नवी गाडी यादीत आली पाहिजे.