‘घरीच असते’ हे उत्तर फॉर्मवर कसं लिहायचं

नागपुरातल्या एखाद्या मोहल्ल्यात कोण कामाबाहेर आहे, म्हणजे कामही करत नाही आणि शोधतही नाही, हे बाई-पुरुष आणि शिक्षणानुसार मोजायचं असेल तर आधी वय 25 ते 59 ठरवा. 15 पासून धरलं की बारावीवाले निव्वळ कॉलेजात असल्यामुळे कामाबाहेर दिसतात आणि शिक्षणाचा रकाना फसतो.

‘काम करता का?’ असं विचारू नका. बाई ‘नाही, घरीच असते’ म्हणते, आणि तिच्या मागे पोतंभर मिरची देठं खुडायला पडलेली असते. त्याऐवजी एकेक काम नाव घेऊन विचारा: पापड, शिवण, मिरची, पानठेल्यावर बसणं. वर्षभरात 30 दिवस तरी केलं का? विकायला की घरी खायला? विकायला असेल तर ते काम. घरच्या ठेल्यावर बिनपैशानं बसली तरी कामच. सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणात त्याला कोड 21 आहे. फक्त घरकाम म्हणजे 92, सोबत घरापुरतं शिवण किंवा जळण गोळा करणं असेल तर 93. उत्तर तिच्याच तोंडून घ्या. नवरा हमखास 92 सांगतो.

अभ्यासिकेत बसणारा मुलगा नोकरीचे फॉर्म भरत असेल तर तो काम शोधतोय, म्हणून बेरोजगार धरा, कामाबाहेरचा नव्हे. त्याच्या बहिणीनंही फॉर्म भरले असतील तर तिलाही हाच नियम. इथे ‘लग्नाची आहे, घरी आहे’ असं लिहून मोकळं होणारे पुष्कळ.

कुलूप दिसलं की घर गाळू नका. कामावर जाणारी माणसं नेमकी त्याच घरात राहतात. रविवारी सकाळी परत जा. मे महिन्यात दुपारी दार कोणी उघडत नाही.

हिशोब सोपा: समजा दहावी-बारावी झालेल्या 40 बायका, त्यांपैकी 26 कामही करत नाहीत आणि शोधतही नाहीत, 26 भागिले 40, म्हणजे 65 टक्के. गटात 30 पेक्षा कमी जण असतील तर टक्केवारी छापू नका, नुसता आकडा द्या.

बायकांत हा मधलाच गट बहुधा सर्वांत जास्त घरी दिसेल. न शिकलेलीला धुणीभांडी सोडून चालत नाही, पदवीवालीला ऑफिस मिळू शकतं. बारावीवालीला धुणीभांडी कमीपणाची वाटतात आणि ऑफिस दारात उभं करत नाही. पुरुषांतही मधलाच गट असा जास्त घरी दिसला तर आधी फॉर्म तपासा.

देशाच्या 2023-24 च्या आकड्यांनुसार कामाबाहेर बायका 58.3 टक्के, पुरुष 21.2 टक्के. पण ते 15 वर्षांपुढच्या सगळ्यांचे, म्हाताऱ्या आणि विद्यार्थ्यांसकट. तुमच्या तक्त्याशेजारी ते मांडू नका.