ॲड-इन बसवताना: बटण दिसेपर्यंत आणि त्यानंतरही

स्प्रेडशीट शिकवताना एक प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. "डेटा ॲनॅलिसिसचं बटण माझ्याकडे होतं, मग तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर ते गेलं कुठे?" बटण कुठेही गेलेलं नसतं. ॲड-इन, म्हणजे एक्सेलला वरून जोडलेलं जादा साधन, फाइलमध्ये राहतच नाही. ते त्या संगणकावरच्या एक्सेलला जोडलेलं असतं आणि फाइल एकटीच प्रवास करते. हे एकदा पक्कं बसलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

बसवण्याआधी मी एकच विचारते: हे काम एक्सेल स्वतः करत नाही ना? 2003 च्या एक्सेलपर्यंत ईडेट, नेटवर्कडेज यांसारख्या तारखांच्या फंक्शनांसाठी ॲनॅलिसिस टूलपॅक हे ॲड-इन चालू करावं लागे. 2007 पासून ती मूळ एक्सेलमध्येच आली. बाहेरची माहिती आणून साफ करणारी पॉवर क्वेरी 2010 आणि 2013 मध्ये वेगळं ॲड-इन होती, 2016 पासून ती डेटा टॅबमध्ये असते. एकाच सेलची किंमत बदलून हवं ते उत्तर काढायचं असेल तर गोल सीक पुरतं. कमी ॲड-इन म्हणजे कमी कटकट, हे माझं ठाम मत आहे.

एक्सेलसोबतच येणारी दोन ॲड-इन, म्हणजे ॲनॅलिसिस टूलपॅक (संख्याशास्त्राचे तक्ते काढणारं) आणि सॉल्व्हर (दिलेल्या अटींत सर्वांत चांगलं उत्तर शोधणारं), डाउनलोड करावी लागत नाहीत, फक्त चालू करायची असतात. विंडोजवर फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स असं जा. खाली 'मॅनेज'समोर 'एक्सेल ॲड-इन्स' निवडून 'गो' दाबा आणि दोन्ही नावांपुढे खूण करा. पुष्कळ जण वरच्या यादीतल्या नावावरच क्लिक करत बसतात. तिथे काही होत नाही, 'गो' दाबावंच लागतं. मॅकवर टूल्स मेनूत 'एक्सेल ॲड-इन्स' सापडेल. आता डेटा टॅबच्या उजव्या टोकाला टूलपॅकचं 'डेटा ॲनॅलिसिस' आणि 'सॉल्व्हर' ही दोन्ही बटणं दिसतील.

सॉल्व्हर मला मनापासून आवडतं, म्हणून त्यावर थोडं थांबते. पहिलं उदाहरण असं घ्या, ज्याचं उत्तर हातानेही तपासता येईल. एका कपाटाला सुतारकामाचे 3 तास आणि पॉलिशचे 2 तास लागतात, टेबलाला 2 आणि 1. सुतारकामाचे 120 तास आणि पॉलिशचे 70 तास हाताशी आहेत. नफा कपाटामागे 500, टेबलामागे 300. बी2 मध्ये कपाटांची संख्या, बी3 मध्ये टेबलांची. दोन्हींत सध्या 1 लिहा. बी5 मध्ये एकूण नफ्याचं सूत्र, बी6 मध्ये सुतारकामाच्या एकूण तासांचं, बी7 मध्ये पॉलिशच्या. हे आकडे हाताने टाइप करू नका, सूत्रंच हवीत. बी2-बी3 बदलले की जो सेल हलत नाही, तो सॉल्व्हरच्या काही उपयोगाचा नाही.

मग सॉल्व्हर उघडा. 'सेट ऑब्जेक्टिव्ह'मध्ये बी5, खाली 'मॅक्स', बदलायचे सेल बी2 आणि बी3. 'ॲड' दाबून अटी घाला: बी6 हा 120 किंवा त्याहून कमी, बी7 हा 70 किंवा त्याहून कमी. अर्धं कपाट विकता येत नाही, तेव्हा बी2 आणि बी3 'इंट', म्हणजे पूर्णांक, असायला हवेत, हीही अट द्या. ऋण आकडे टाळणारी खूण आधीपासून केलेली असते, ती राहू द्या. उत्तर 20 कपाटं, 30 टेबलं आणि नफा 19,000 असं यायला हवं. दोन्हीकडचे तास नेमके संपतात, पडताळून बघा.

इथे दोन जागी काळजी घ्या. पद्धत म्हणून आधीपासून 'जीआरजी नॉनलिनिअर' निवडलेली असते. ती जवळच्या एखाद्या टेकडीलाच सर्वांत उंच शिखर समजून थांबू शकते. तुमची सूत्रं नुसत्या बेरजा आणि स्थिर आकड्यांनी केलेल्या गुणाकारांची असतील तर 'सिम्प्लेक्स एलपी' निवडा, ती खरं शिखर गाठते. दुसरी जागा सॉल्व्हरच्या ऑप्शन्समध्ये आहे. तिथे 'इंटीजर ऑप्टिमॅलिटी' 1 टक्का ठेवलेली असते, म्हणजे पूर्णांकांच्या गणितात उत्तमाच्या 1 टक्क्यापर्यंत पोचलं तरी सॉल्व्हर थांबू शकतं. मोठ्या गणितात ती 0 करा. सोबतचं सॉल्व्हर 200 पर्यंतच बदलते सेल घेतं, हेही लक्षात असू द्या.

टूलपॅक वापरणं सोपं आहे, पण त्याचं उत्तर गोठलेलं असतं. रिग्रेशन किंवा डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्सचा तक्ता येतो तो निव्वळ आकड्यांचा. मूळ माहिती दुरुस्त केली तरी तो जुनाच राहतो, पुन्हा चालवावा लागतो. अहवालाच्या शेवटच्या घाईत ही गोष्ट हमखास निसटते. माहिती वरचेवर बदलणार असेल तर स्लोप, लाइनेस्ट अशी फंक्शनं वापरा, ती स्वतःहून बदलतात.

बाहेरून आणलेल्या ॲड-इनची फाइल बहुधा एक्सएलएएम (.xlam) प्रकारची असते. ती डाउनलोड्समध्ये ठेवून जोडू नका. एक्सेल तिचा पत्ता लक्षात ठेवतं, आणि डाउनलोड्सची साफसफाई झाली की फाइल सापडत नसल्याची तक्रार करतं. आधी तिला कायमच्या फोल्डरमध्ये हलवा. मग उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि अगदी खाली 'अनब्लॉक'पुढे खूण. 2022 पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप कामं करणारे छोटे प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्टने मुळातच अडवायला सुरुवात केली. 'अनब्लॉक'ची खूण करायची राहून गेली तर ॲड-इन यादीत दिसतं, पण त्याचा टॅब येतच नाही. त्यानंतर 'गो'च्या खिडकीतलं 'ब्राउज' वापरून ती फाइल निवडा. एक्सएलएल (.xll) प्रकाराची फाइल असेल तर ती आणि तुमचं एक्सेल दोन्ही 32 बिट किंवा दोन्ही 64 बिट असलं पाहिजे. तुमचं एक्सेल कोणतं ते फाइल, अकाउंट, 'अबाउट एक्सेल'मध्ये लिहिलेलं असतं.

'अनब्लॉक' करताना मात्र हात थांबू द्या. मॅक्रोला तुमच्याइतकेच अधिकार मिळतात. तुम्ही उघडू आणि पुसू शकता त्या फाइली तोही उघडू आणि पुसू शकतो. कोणी बनवलंय हे कळत नसेल, तर कितीही सोयीचं असलं तरी घेऊ नका. शिवाय मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की अनडूची यादी सहसा रिकामी होते. म्हणून नव्या ॲड-इनचं बटण दाबण्याआधी फाइल सेव्ह करा, आणि शक्यतो प्रतीवरच प्रयोग करा.

ॲड-इनने दिलेलं खास फंक्शन शीटमध्ये वापरलं असेल तर फाइल पाठवताना विचार करा. समोरच्याकडे ते ॲड-इन नसेल, तर पुन्हा गणित होताच तिथे '#नेम?' उमटतं. मी मूळ फाइल स्वतःकडे ठेवते, पाठवायच्या प्रतीत पेस्ट स्पेशलने फक्त 'व्हॅल्यूज' ठेवते आणि पहिल्याच शीटवर ॲड-इनचं नाव व आवृत्ती लिहिते. ज्यांना पुढे त्याच फाइलवर काम करायचं आहे, त्यांना ॲड-इनही द्यावं लागतं.

स्टोअरमधून मिळणारी वेबवर चालणारी ॲड-इन विंडोज, मॅक आणि ब्राउझर अशी सगळीकडे चालू शकतात. गूगल शीट्समध्ये एक्स्टेन्शन्स मेनूतून ॲड-ऑन घेता येतात. दोन्हीकडे परवानगीचा मजकूर नीट वाचा. रकाने उलटसुलट करणारं साधन तुमच्या सगळ्या ड्राइव्हचा ताबा मागत असेल तर नकार द्या. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सॉल्व्हर टूल्स मेनूत आधीच असतं. बाकीची साधनं ओएक्सटी (.oxt) फाइलींच्या रूपात येतात.

एक्सेल उघडायला वेळ लागू लागला किंवा मध्येच बंद पडू लागलं, तर कंट्रोल दाबून धरून ते सुरू करा आणि सेफ मोडला, म्हणजे ॲड-इनविना सुरू होण्याला, होकार द्या. तिथे सगळं सुरळीत चाललं तर संशय ॲड-इनवर. मग एकेक खूण काढत, दरवेळी एक्सेल बंद करून पुन्हा उघडत, कोणतं ते शोधा. सगळ्या खुणा एकदम काढल्या तर दोषी कोण ते कळत नाही. उलट एखादं ॲड-इन न सांगता गायब झालं असेल, तर 'मॅनेज'मध्ये 'डिसेबल्ड आयटम्स' बघा. एक्सेलने तिथे टाकलेलं असेल तर निवडून 'एनेबल' करता येतं. कायमचं काढायचं असेल तर आधी खूण काढा, एक्सेल बंद करा, आणि मगच फाइल पुसा.