लाकडी डुलता घोडा करताय? आधी खालचे वक्र पाय नीट जमवा

घोड्याचं तोंड, आयाळ, शेपूट हे सगळं नंतर बघा, खरं काम खालच्या दोन वक्र पट्ट्यांचं आहे. जमिनीवर प्लाय ठेवा, त्याच्या मध्यासमोर साधारण एक मीटरवर खिळा ठोका आणि एका लाकडी पट्टीचं एक टोक खिळ्यात अडकवून दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधून कमान काढा, सुतळी नको कारण ती ताणली जाते आणि वक्र बिघडतो. कमान यापेक्षा फार लहान घेतली तर घोडा पटकन कलंडतो.

अख्ख्या फळीतून वक्र कापला तर टोकांना लाकडाच्या तंतूंच्या रेषा आडव्या येतात आणि नेमकं तिथेच लाकूड तुटतं, म्हणून मी तरी १८ किंवा १९ एमएमचा चांगला प्लायच घेईन, सागवानाचा हट्ट वरच्या भागासाठी ठेवा. दोन्ही पट्ट्या शिकंज्यात एकत्र आवळून एकदमच घासा म्हणजे तंतोतंत सारख्या होतात, नाहीतर घोडा डुलता डुलता तिरका सरकत जातो.

बैठक लगेच फेव्हिकॉल लावून पक्की करू नका!! आधी नुसती क्लॅम्पने धरा, वर १२-१३ किलो तांदळाची पिशवी ठेवा (दोन-अडीच वर्षांच्या पोराचं वजन साधारण तेवढंच), जरा हलवून सोडा आणि घोडा पुढे झुकून थांबला तर बैठक थोडी मागे घ्या. बैठक जमिनीपासून फूटभर उंच पुरे.

पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना खालून छोटे ठोकळे लावा म्हणजे घोडा उलटत नाही, मुलं जोरात झोके घेतातच. आणि रंग शिसं नसलेलाच, कारण पोरं घोड्याचे कान चावणार.