माणूस बेपत्ता झाला की ‘हद्द’ शोधत फिरू नका: या चुका टाळा

आमचे थोरले मामा स्वारगेटच्या एसटी स्टँडवरून नाहीसे झाले तेव्हा सोबतचा भाचा चहा आणायला गेला होता. जेमतेम दहा मिनिटं. मामांना स्मृतिभ्रंश, वय त्र्याहत्तर, खिशात ना मोबाइल ना पत्ता. भाच्याने पुण्यातलं पोलीस ठाणं गाठलं, तर तिथे विचारणा झाली, “राहायला कुठे? सातारा जिल्हा? मग तिकडे द्या ना.” रात्री मामी गावाकडच्या ठाण्यात गेल्या. तिथलं उत्तर, “हरवले पुण्यात ना? मग पुण्यातच मिसिंग दाखल होईल.” मामांची नोंद झाली ती तिसऱ्या दिवशी. तोवर ते सोलापूरच्या एका रुग्णालयात ‘अनोळखी इसम’ म्हणून दाखल होते आणि त्यांचं वर्णन जुळवून बघायला कुठल्याही ठाण्यात दुसरा कागदच नव्हता.

त्यानंतर अशा बऱ्याच कुटुंबांसोबत मी ठाण्याच्या बाकड्यावर बसलो आहे. चुका बहुतेक त्याच असतात आणि त्यातल्या निम्म्या एका शब्दापाशी येऊन थांबतात, तो म्हणजे हद्द.

हद्द विचारत बसणं

हद्द ठरवणं हे पोलिसांचं काम आहे, आपलं नाही. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं, की दखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा) गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही भागात घडलेला असो. खबर तोंडी देता येते, ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. फक्त तशी दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. गुन्हा शून्य क्रमांकाने दाखल करून संबंधित ठाण्याकडे पाठवायचा, हाच झिरो एफआयआर. त्याची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

इथे एक बारकावा आहे. तो माहीत नसल्याने लोक ठाण्यात नुसतेच भांडत बसतात. झिरो ‘एफआयआर’साठी गुन्हा लागतो. आमच्या मामांसारखा सज्ञान माणूस वाट चुकला तर त्यात गुन्हा कोणताच नाही, त्यामुळे एफआयआरही नाही. तिथे होते ती ‘मनुष्य मिसिंग’ची नोंद. “झिरो एफआयआर घ्या” असा धोशा लावला की ठाणे अंमलदार म्हणतात, “कायद्यात बसत नाही,” आणि त्यांचं चूक नसतं. मागायचं ते वेगळं: “मिसिंग इथे नोंदवा, नियंत्रण कक्षाला कळवा, फोटो आणि वर्णन शेजारच्या ठाण्यांना आणि रुग्णालयांना पाठवा. नंतर कागद कुठे वर्ग करायचा ते तुम्ही ठरवा.”

सज्ञान व्यक्तीला कोणीतरी नेलं, डांबलं किंवा फसवलं असा संशय असेल, तर तो जबाबात स्पष्ट शब्दांत आला पाहिजे. ‘ती घरातून न सांगता निघून गेली’ एवढंच लिहून सही केली की मिसिंग होते. ‘अमुक माणूस महिनाभर धमक्या देत होता, शेवटचा फोन त्याचाच होता’ असं लिहिलं की अपहरणाच्या गुन्ह्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून सही करण्याआधी जबाब शेवटपर्यंत वाचा आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

अठरा वर्षांखालच्या मुलाची नुसती मिसिंग करून परत येणं

यात सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला, की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार एफआयआर म्हणून नोंदवायची आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. महाराष्ट्रात असा गुन्हा आता साधारणपणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 137(2)खाली दाखल होतो. मुलगी सोळा वर्षांची असेल आणि “कोणाबरोबर तरी गेली असेल, येईल दोन दिवसांत” असं कोणी म्हणालं, तरी गुन्हा दाखल व्हायलाच हवा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्यायचा असतो. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी अर्ज घेऊन जा.

एफआयआर सक्तीची करणारा ललिता कुमारी निकाल वकिलांच्या तोंडी कायम असतो. 12 नोव्हेंबर 2013 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिलेला हा निकाल मुळात एका बेपत्ता अल्पवयीन मुलीच्या प्रकरणातला आहे, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. वडील 2008 मध्ये ठाण्यात गेले, तर दाद मिळाली नाही. पोलीस अधीक्षकांकडे गेल्यावर गुन्हा दाखल झाला, तरी शोध पुढे सरकेना. म्हणून त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. आज आपण ठाण्यात ज्या हक्काने उभे राहतो, तो एका बापाने मिळवून दिलेला आहे.

चोवीस तास थांबणं

असा नियम भारतात नाही, कधीच नव्हता. माणूस नेहमीच्या वेळेला आला नाही, फोन बंद आहे, हे त्याच्या स्वभावाला धरून नाही, एवढं पुरे. 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. मूल असेल तर 1098 या बालकांच्या हेल्पलाइनवरही.

रेल्वेत हरवलं तर चुकीच्या खिडकीवर उभं राहणं

फलाटावर खाकीतले दोन प्रकारचे लोक दिसतात. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं, तर लोहमार्ग पोलीस राज्याचे. अपहरणासारखा गुन्हा नोंदवतात ते लोहमार्ग पोलीस. सुरक्षा दलाकडून मदत जरूर घ्या. 139 या रेल्वे हेल्पलाइनवर फोन करा, पुढच्या स्थानकावर निरोप पोहोचतो, एकटं फिरणारं मूल तेच बहुतेकदा हेरतात. पण कागद लोहमार्ग पोलिसांकडेच झाला पाहिजे. मनमाडला उतरलेलं पोर भुसावळला नोंदवायचं की नाशिक रोडला, याचा खल करत बसू नका. गाडी ज्या मोठ्या स्थानकावर थांबेल तिथे उतरा आणि नोंद करा.

राज्याची सीमा ओलांडली म्हणून सीबीआयची वाट बघणं

हा गैरसमज परदेशी मालिका बघून पक्का झाला असावा. अमेरिकेत तसं आहे खरं. चार्ल्स लिंडबर्ग या वैमानिकाच्या तान्ह्या मुलाच्या अपहरणानंतर 1932 मध्ये तिथे कायदा झाला आणि एका राज्यातून दुसऱ्यात नेलेल्या अपहृताचा मामला संघराज्याचा, म्हणजे एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या कक्षेतला झाला. आपल्याकडे सीमा ओलांडल्याने तपास आपोआप दिल्लीकडे जात नाही. कोल्हापूरचा मुलगा कळंगुटला बेपत्ता झाला तर गोव्याचे पोलीस तपास करतील, किंवा कोल्हापूरचं पथक गोव्यात जाऊन स्थानिक ठाण्याला कळवून तपास करेल. अपहरणाचा खटला तर जिथून नेलं, जिथे नेलं किंवा जिथे लपवून ठेवलं, त्यांपैकी कुठेही चालू शकतो.

घटनेच्या सातव्या परिशिष्टात ‘पोलीस’ हा विषय राज्यांच्या यादीत आहे. सीबीआय चालते ती 1946 च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यावर आणि त्याच्या कलम 6 प्रमाणे राज्याच्या संमतीशिवाय तिला राज्यात तपास करता येत नाही. महाराष्ट्राने ही सरसकट संमती ऑक्टोबर 2020 मध्ये काढून घेतली होती आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा दिली. तरीही संमती आहे म्हणून एखाद्या घरचा अर्ज सीबीआयच्या टेबलावर पडला आणि तपास सुरू झाला, असं होत नाही. स्थानिक गुन्हा तिच्याकडे जातो तो राज्य सरकारने मागणी केल्यावर आणि केंद्राने अधिसूचना काढल्यावर, किंवा उच्च अथवा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. न्यायालयांना संमतीची गरज नाही, हे 2010 मध्ये पश्चिम बंगालच्या प्रकरणात घटनापीठाने सांगितलं आणि त्याच दमात बजावलं, की हा अधिकार अपवादानेच वापरायचा.

त्यामुळे पहिल्या आठवड्यात पंतप्रधान कार्यालय, गृहमंत्री, सीबीआय अशा सगळ्यांना निवेदनं पाठवण्यात जी ताकद जाते, ती मला फार खुपते. नेमके तेच दिवस ठाण्यात बसून तपासी अंमलदाराकडून एकेक काम करून घेण्याचे असतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातला एक विद्यार्थी ऑक्टोबर 2016 मध्ये बेपत्ता झाला. त्याच्या आईने जिवाचं रान केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे 2017 मध्ये तपास सीबीआयकडे गेला. ऑक्टोबर 2018 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि मुलाचा पत्ता लागला नाही. सात महिन्यांनी आलेल्या यंत्रणेला पहिल्या सात दिवसांतला पुरावा परत निर्माण करता येत नाही, मग ती कितीही मोठी असो.

ठाण्यात काम अडलं तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी वरिष्ठ निरीक्षक. मग जिल्ह्यात पोलीस अधीक्षक, शहरात उपायुक्त. त्यांना लेखी अर्ज टपालाने पाठवा आणि पोचपावती जपा, कारण गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर कलम 173(4)प्रमाणे हीच पुढची पायरी आहे. त्यांनीही ऐकलं नाही तर न्यायदंडाधिकारी. तपास गुन्हे शाखेकडे किंवा राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे द्या ही मागणी सीबीआयपेक्षा कितीतरी लवकर पदरात पडते. कोणी बेकायदा डांबून ठेवल्याचा ठोस आधार असेल तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे त्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी याचिका. नुसत्या बेपत्ता असण्यावर ती याचिका सहसा टिकत नाही, म्हणून वकिलाला सगळं खरं सांगा.

एका ठिकाणी मात्र सीबीआयचं नाव सुरुवातीलाच निघायला हवं. माणूस देशाबाहेर नेला गेल्याची शंका असेल, तर बेपत्ता व्यक्तीसाठीची इंटरपोलची ‘यलो नोटीस’ निघते ती सीबीआयमार्फत, कारण इंटरपोलशी भारताचा अधिकृत दुवा तीच आहे. पण विनंती जायची ती तुमच्या तपासी अधिकाऱ्याकडून. अर्ज त्याच्याकडे द्या आणि पासपोर्टची प्रत सोबत जोडा.

घरातली गोष्ट झाकून ठेवणं

भांडण, कर्ज, प्रेमप्रकरण, परीक्षेतलं अपयश, मानसोपचाराची गोळी. अब्रूच्या भीतीने हे सांगितलं जात नाही आणि तपास चार दिवस भलत्याच दिशेला जातो. सगळ्यांदेखत बोलणं अवघड वाटत असेल तर अधिकाऱ्याशी एकट्याने बोलायची वेळ मागा. आईला माहीत नसलेलं मैत्रिणीला माहीत असतं. तिलाही सोबत न्या, तिला दरडावू नका.

पुरावा आपल्याच हाताने पुसणं

खोली आवरू नका. लॅपटॉप उघडून पासवर्डचे प्रयोग करू नका, अंदाज चुकत गेले तर खातं कुलूपबंद होतं. मोबाइलचं खोकं शोधा, त्यावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक असतो. ओळखीच्या कोणाकडून पैसे देऊन सीडीआर (फोन कॉल्सचा तपशील) काढू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात तुम्हीच अडकाल. सर्वांत घाई सीसीटीव्हीची. सोसायटी, दुकान, एसटी स्टँड इथलं चित्रण काही दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं. पोलीस येतील तेव्हा येतील. तुम्ही त्याच दिवशी दुकानदाराला ‘अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा’ असं लिहून द्या आणि त्याची प्रत तपासी अंमलदाराला द्या.

व्हॉट्सअॅपवर स्वतःचा नंबर टाकणं

आवाहनात पोलीस ठाण्याचा नंबर आधी द्या. घरचा नंबर फिरला की ‘मुलगा आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असे फोन येतात. हे भुरटे बातमी बघूनच फोन करतात. पैसे न पाठवता तो नंबर लगेच पोलिसांना द्या.

परदेशात असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत

अमेरिकेत शिकणारा मुलगा फोन उचलत नसेल तर इथल्या ठाण्यात किंवा एफबीआयकडे पहिली धाव घेऊन वेळ जातो. तो राहतो त्या गावच्या पोलिसांना किंवा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या शेरीफला (पोलीस प्रमुखाला) फोन करा आणि घरी जाऊन बघण्याची विनंती करा. बऱ्याच विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस असतात, त्यांनाही कळवा. 2003 पासून तिथे एकवीस वर्षांखालच्या बेपत्ता व्यक्तीची माहिती राष्ट्रीय नोंदीत टाकणं बंधनकारक आहे. लिंडबर्ग प्रकरणानंतर झालेल्या त्या अपहरणाच्या कायद्यात आता 24 तासांचा उल्लेख आहे, पण तो वेगळ्या कारणासाठी. तेवढ्या वेळात सुटका झाली नाही तर सीमा ओलांडली असं मानता यावं म्हणून. त्याआधी तपास करायला बंदी नाही, हे त्याच कायद्यात लिहिलं आहे. स्थानिक पोलीस एफबीआयची मदत मागू शकतात, साधारण बारा किंवा त्याहून कमी वयाचं मूल असेल तर एफबीआय स्वतःहून उतरते. सोबत जवळच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करा.

सापडल्यावर ठाण्यात न जाणं

मूल सापडलं तर ते बालकल्याण समितीपुढे जातं, जबाब होतो. त्याला घाबरून परस्पर घरी आणू नका. समाजमाध्यमांवरचे फोटो त्याच दिवशी काढायला लावा. सज्ञान व्यक्ती स्वतःच्या मर्जीने गेली असेल तर ती सुखरूप असल्याचं पोलीस सांगतील, पण तिची इच्छा नसेल तर पत्ता देणार नाहीत. तो तिचा हक्क आहे, हे मनावर दगड ठेवून मान्य करावं लागतं.

मामा पाचव्या दिवशी मिळाले. मिसिंगचा कागद सोलापुरात पोहोचल्यावर एका हवालदाराने वर्णनातली ‘डाव्या भुवईवर जुनी खोक’ ओळखली. पुण्याच्या ठाण्यात नोंद बंद करायला आम्ही मामांना घेऊन गेलो. अंमलदारांनी रजिस्टर पुढे केलं. मामांनी चष्मा मागून घेतला, आपलं नाव सावकाश वाचलं आणि त्याखाली सही केली.